अकरा दहा ते अकरा पन्नास

३ ऑगस्ट

धाकटे,

आधी वर ‘प्रिय’ लिहिलं होतं. मग वाटलं, बारा वर्षांनी एकदम प्रिय म्हटलं तर तू पत्राची घडी तिथेच परत घालशील. म्हणून नवा कागद घेतला. माझ्या पत्रात खाडाखोड नसते, हे तुला ठाऊक आहे.

उगाच लिहीत नाहीये, कारण आहे. येत्या एप्रिलअखेर मी निवृत्त होतेय. ऑफिसातलं लोखंडी कपाट आतापासूनच आवरायला घेतलंय, नाहीतर शेवटच्या दिवशी मामा ते उघडतील आणि मुख्याध्यापिका बाईंनी आत काय काय कोंबलं होतं ते सगळ्या स्टाफला सांगत सुटतील. मामा अजून आहेत हो. शिपाई म्हणून लागले तेव्हा मिशी काळी होती, आता पांढरी झाली, एवढाच फरक. घंटा अजूनही अर्धं मिनिट उशिराच देतात. तर त्या कपाटात, सगळ्यात खालच्या कप्प्यात, जुन्या हजेरीपटांच्या मागे तुझी पत्र्याची डबी सापडली. झाकणावर जहाज असलेली. आत खडूचे सात तुकडे आणि एक टाचणी.

ती डबी हातात घेतली आणि मी अर्धा तास खुर्चीवरून उठले नाही. बाबा शाळेतून आले की आधी चपला काढायचे, मग टोपी, आणि मग खिशातून मुठीत मावतील तेवढे खडूचे तुकडे काढून या डबीत टाकायचे. कारकून माणूस, पण त्या वेळेला अगदी राजासारखे दिसायचे. कोठीच्या खोलीचं दार आतून काळं रंगवून दिलं होतं त्यांनी. मी बाई आणि तू वर्ग. अख्खा वर्ग एकटी तूच. हुशार मुलगी एका आवाजात, घाबरट मुलगी दुसऱ्या आवाजात, आणि एक सतत शिंकणारा मुलगा होता, त्याला मी रोज बाकावर उभा करायचे. एकदा तू म्हणालीस, ताई, आज मी बाई होते. मी म्हटलं, तुझा हात तरी पोचतो का फळ्यापर्यंत? त्यावर तू पुन्हा जाऊन शिंकायला लागलीस.

डबी पोस्टाने पाठवू की येऊन नेतेस? पोस्टात जहाजाला पोचा पडेल.

ताई


२९ ऑगस्ट

धाकटे,

उत्तर नाही. ठीक आहे. तुझा अबोला मला नवा नाही. एका कंगव्यावरून तू माझ्याशी नऊ दिवस बोलली नव्हतीस आणि दहाव्या दिवशी बोललीस ते ‘सरक’ एवढंच. आई आजारी होती तेव्हाही आपण दोघी त्याच खाटेच्या दोन बाजूंना महिनाभर बसलो आणि औषधांच्या वेळांशिवाय एक शब्द बोललो नाही. मी मात्र लिहिणार. निवृत्तीला आलेल्या माणसाला बडबडायचा हक्क असतो.

तुझी खबर मला आहे, बरं का. मामांच्या सुनेने तुमच्या दुकानातून चष्मा केला. ती सांगत होती, तिथल्या बाई फार छान आहेत. भिंतीवरची अक्षरं वाचायला लावतात आणि ओळ चुकली तर म्हणतात, ‘घाई नाही, परत बघ.’ मामा माझ्याकडे बघून गालातल्या गालात हसले. शाळेच्या भिंतींना पाठ असलेलं वाक्य आहे ते. चष्म्याच्या दुकानात जाऊनही तू शिकवायचं सोडलं नाहीस, असं मी त्यांना म्हणाले आणि मग मला काम आहे असं सांगून बाहेर घालवलं.

शाळा आता ओळखू येणार नाही तुला. तुझ्या वेळी मी तास चालू असताना दर दहा मिनिटांनी माइकवरून खाकरायचे, आठवतं? ‘सूचना ऐका.’ तू खडू तसाच हवेत धरून छताकडे बघायचीस. आता तासाच्या मध्ये सूचना नाही. माइकची वायर माझ्या ड्रॉवरमध्ये आहे आणि किल्ली मामांकडे, म्हणजे मला मोह झाला तरी त्यांची परवानगी घ्यावी लागते. नव्या शिक्षकाच्या गळ्यात सगळ्यात अवघड तुकडी मारायची आपली जुनी रीत बंद केली. महिन्याच्या मीटिंगमध्ये मी तासभर सूचना वाचायचे, त्या आता स्टाफरूमच्या फळ्यावर लिहिते. मीटिंगला टेबलावर फक्त एका मुलाची वही असते. ती सगळ्यांनी बघायची आणि हे मूल कुठे अडलंय ते शोधायचं. पहिल्या दोन मीटिंगांत सगळे अक्षर कसं वाईट आहे यावरच बोलले. तिसऱ्या वेळेला गणिताचे सर म्हणाले, ‘ही वजाबाकी याने माझ्याच पद्धतीने चुकवलीय, म्हणजे मीच चुकीची सांगितलीय.’ पंचवीस वर्षं नोकरी झालेला माणूस, आता माझ्या खालोखाल तोच, आणि हे सगळ्यांसमोर बोलला.

आणि मागची खुर्ची. प्रत्येक वर्गात मागे एक रिकामी खुर्ची ठेवलीय. कुठल्याही शिक्षकाने आपल्या ऑफ तासाला कुठल्याही वर्गात जाऊन बसायचं. वही न्यायची नाही, शेरा लिहायचा नाही. नंतर चहा घेताना आपण काय शिकलो तेवढं सांगायचं. कुणी बसायला तयार होईना, तेव्हा मी आधी माझ्या वर्गात खुर्ची ठेवली. हो, मी तास घेते. सातवी ‘क’, गणित, रोज. मुख्याध्यापिकेने ऑफिसात बसून शिकवणं सुधारायचं म्हणजे काठावर उभं राहून पोहायला शिकवणं झालं.

हसू नकोस. पहिल्या आठवड्यात माझी पुरती फजिती झाली. एक द्वितीयांश अधिक एक तृतीयांश विचारलं तर सगळा वर्ग एका सुरात दोन पंचमांश म्हणाला. मी चार वेळा समजावलं, दर वेळी आधीपेक्षा मोठ्याने. मागच्या खुर्चीवर नव्या बाई बसल्या होत्या, नोकरीचं पहिलं वर्ष. चहाच्या वेळी कपात बघत म्हणाल्या, ‘बाई, तुम्ही प्रश्न विचारला की दोन सेकंद थांबता आणि उत्तर स्वतःच देता.’ माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी प्रश्न विचारून मनात दहापर्यंत मोजलं. सहापर्यंत जीव नुसता कासावीस झाला. आठला मागच्या बाकावरचा एक हात वर आला.

तीन वर्षांपूर्वी मला सुचलं हे खुर्चीचं. आता दुसऱ्या शाळांतून लोक बघायला येतात.

ताई


१७ सप्टेंबर

धाकटे,

तुझं कार्ड मिळालं. दोन वाक्यं. ‘डबी राहू दे. लॉगबुकातलं ते पान अजून आहे का?’

आहे. पान कुठे जाणार? लॉगबुक हे शाळेचं दप्तर आहे, कुणी फाडत नाही. मुख्याध्यापकाने कुठल्या वर्गात किती वाजता जाऊन काय पाहिलं हे त्यात लिहायचं असतं आणि ते कायम राहतं. तुला हे माहीत असूनही विचारलंस, म्हणजे मला चिमटा काढायचा होता. काढलास.

मीही आता बोलते. शेरा कडक होता, मान्य. ‘वर्गावर नियंत्रण नाही. शिक्षिका स्वतःच गोंगाटात सामील.’ पाठ आहे मला. पण गोंगाट होता की नाही? जिन्यापर्यंत ऐकू येत होता. माझ्या जागी कुणीही असतं तर हेच लिहिलं असतं. आणि माझी जागा काय होती तेही बघ. मुख्याध्यापिका होऊन दोनच महिने झालेले. तुला सकाळचे सोयीचे तास मिळाले म्हणून स्टाफरूममध्ये कुजबुज सुरू झालेली. मी दारात आले की बोलणी थांबायची. मला दाखवून द्यायचं होतं की या खुर्चीवर बसल्यावर माझं कुणी सख्खं नाही. म्हणून तो शेरा मी मासिक मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर वाचला. तू खिडकीपाशी बसली होतीस. नाकावर खडू लागलेला होता, तो पुसायचंही तुला सुचलं नाही. तू माझ्याकडे एकटक बघत राहिलीस, मी काहीतरी बोलेन याची वाट बघितल्यासारखी. मी पुढच्या विषयाकडे वळले. सहलीचा होता.

चार दिवसांनी राजीनामा टेबलावर ठेवलास. एवढ्या तेवढ्यावरून नोकरी सोडायची असते का? मला अजूनही वाटतं की नसते.

तुला सांगायचं राहिलं. जिल्ह्यातल्या चाळीस मुख्याध्यापकांपुढे मला बोलायला बोलावलंय, जानेवारीत. विषय, शाळा कशी सुधारली. मी हो म्हटलंय.

ताई


६ ऑक्टोबर

धाकटे,

दुसरं कार्ड. ‘शेऱ्याचं विचारत नाही. वरच्या वेळा वाच.’

कार्ड आलं त्या दिवशी मी ते ड्रॉवरमध्ये, माइकच्या वायरीखाली ठेवलं. दहा दिवस ठेवलं. आज लॉगबुक काढलं, आणि मामांना सांगितलं कुणाला आत सोडू नका.

‘आगमन ११.१०. निर्गमन ११.५०.’ खाली माझी सही, वळणदार.

धाकटे, मी अकरा दहाला आले होते. अकरा चौदाला गेले होते. आतही आले नाही, दाराबाहेरच उभी होते. कारण मला साडेअकराच्या आत शिक्षण खात्याच्या कार्यालयाला एक तक्ता पाठवायचा होता. आणि कारण गोंगाट ऐकल्यावर मला वाटलं, आणखी काय बघायचंय? चार मिनिटं उभं राहून मी चाळीस मिनिटांचा शेरा लिहिला, कारण नियमाप्रमाणे पूर्ण तास बसावं लागतं आणि नियमाप्रमाणे पान भरलं पाहिजे. त्या वेळी सगळे मुख्याध्यापक असंच भरत होते. ही सबब नाही, नुसतं सांगतेय.

तू मला पाहिलं होतंस. दाराच्या काचेतून, येताना आणि जाताना. मीटिंगमध्ये मी या वेळाही वाचल्या होत्या, आणि मी खरं सांगेन याचीच तू वाट बघत होतीस. एका वाक्यात मला उघडं पाडता आलं असतं तुला, सगळ्या स्टाफसमोर, दोन महिन्यांच्या नव्या मुख्याध्यापिकेला. तू बोलली नाहीस. मी बारा वर्षं समजत राहिले की तुला शेरा झोंबला.

आता सुरुवात केलीय तर सगळंच सांगून टाकते, पुन्हा धीर होणार नाही.

डबी सापडली वगैरे काही नाही. तू गेलीस त्या संध्याकाळी तुझ्या खणातून मीच उचलून आणली आणि कपाटात लपवली. दर वर्षी कपाट आवरते तेव्हा बाहेर काढते आणि परत ठेवते.

आणि मागची खुर्ची मला सुचलेली नाही. त्या मीटिंगच्या आदल्या महिन्यात तू मला दोन पानांचं टिपण दिलं होतंस. ‘शिक्षकांनी एकमेकांच्या वर्गात बसावं. लिहू नये. चहा घेताना सांगावं. सुरुवात मुख्याध्यापकांनी स्वतःच्या तासापासून करावी.’ मी म्हटलं होतं, बघू. आणि डबीसारखंच तेही कपाटात गेलं. तीन वर्षांपूर्वी काढलं. का काढलं, ते ऐक.

नव्या बाई तेव्हाच लागल्या होत्या. मी व्हरांड्यातून जात होते, हातात लॉगबुक, आणि त्यांच्या वर्गातून तसाच गोंगाट आला. अगदी तसाच. मी दाराशी थांबले, पेन काढलं, वेळ टाकली, अकरा तेरा. आणि पुढे हात चालेना. मग मी आत गेले. जागा नव्हती म्हणून कोपऱ्यातल्या मोडक्या स्टुलावर बसले आणि घंटा होईपर्यंत उठायचं नाही असं ठरवलं.

पहिली पाचसात मिनिटं नुसता कालवा. त्यांनी फळ्यावर एक गणित मुद्दाम चुकीचं सोडवून ठेवलं होतं आणि चूक कुठे आहे ते जोडीजोडीने शोधायला सांगितलं होतं. मुलं भांडत होती. मग माझ्या लक्षात आलं की भांडण गणितावरून चाललंय. एक मुलगी बाकावर चढून शेजारच्याला म्हणत होती, ‘अरे, पण छेद सारखा कुठे आहे?’ पंधराव्या मिनिटाच्या सुमाराला आवाज आपोआप खाली आला, कुणी गप्प बसा म्हटलं नव्हतं. आणि तास संपायच्या जरा आधी एक मुलगा उठून फळ्याशी गेला. वर्षभर तोंड न उघडणारा. त्याने चूक पुसली, बरोबर लिहिलं आणि खडू हातात घेऊन तिथेच उभा राहिला. जागेवर जायचंही त्याच्या लक्षात राहिलं नाही.

घंटेनंतर बाई सामानाच्या खोलीत जाऊन रडत होत्या. वर्ग फार आरडाओरडा करत होता, तुम्ही आता काय लिहाल, म्हणाल्या. मी त्यांना विचारलं, हे चुकीच्या गणिताचं कुठे शिकलात? तर म्हणाल्या, शाळेत असताना आमच्या बाई असंच करायच्या. कोणत्या बाई? याच शाळेतल्या, म्हणाल्या. नाकाला खडू लागलेला असायचा त्यांच्या.

तुझी विद्यार्थिनी आहे ती, धाकटे. मी काचेतून पाहिलेल्या त्याच वर्गातली. तुझ्या तासाची राहिलेली छत्तीस मिनिटं मी तिच्याकडे नऊ वर्षांनी पाहिली. तिला मी हे सांगितलं नाही. घरी आले आणि स्वयंपाकघरात उभ्या उभ्या रडले. दुसऱ्या दिवशी तुझं टिपण काढलं आणि माझं म्हणून स्टाफपुढे वाचून दाखवलं.

ताई


२० जानेवारी

धाकटे,

तू कार्ड पाठवलं नाहीस, बरोबरच आहे. पत्रात कबूल करायला काय लागतं? कागद काही तोंडावर बोलत नाही.

काल त्या चाळीस जणांपुढे बोलले. घरून ठरवून निघाले होते की पहिलंच वाक्य तुझ्याविषयी बोलायचं. माइक हातात आला, समोर सगळे माझ्यासारखेच पांढरे केस, आणि मी ‘आम्ही असा उपक्रम सुरू केला’ म्हणून सुरुवात केली. ‘आम्ही.’ केवढी सोय आहे या शब्दात. टाळ्या झाल्या. एक मुख्याध्यापक उठून म्हणाले, बाई, तुमच्या दूरदृष्टीला नमस्कार. मला पाणी प्यावंसं वाटलं आणि ग्लास रिकामा होता.

येताना बसमध्ये गणिताचे सर शेजारी होते. त्यांनी डबा उघडला. मग म्हणाले, ‘ते टिपण धाकट्या बाईंनी तेव्हा मला दाखवलं होतं. देण्याआधी.’

मी विचारलं, ‘म्हणजे तीन वर्षं तुम्हाला माहीत होतं?’

‘हो.’

‘मग बोलला का नाहीत?’

‘खुर्ची चालू राहिली ना,’ ते म्हणाले. ‘मी म्हटलं, बाई सांगतील कधीतरी.’ आणि डब्यातला उरलेला अर्धा घास मला दिला. मी तो खाल्ला, काय करणार.

तुम्ही दोघंही थोरच. नुसती वाट बघता आणि माणसाला आतून पोखरून काढता. मला कुणी सरळ दोन शब्द सुनावले असते तर मी भांडून मोकळी झाले असते.

आज शाळा सुटल्यावर तुझ्या जुन्या वर्गात गेले. आपण एका सायकलवरून यायचो ती वर्षं आठवली. मी चालवायचे आणि तू मागे बसून मोठमोठ्याने पाढे उलटे म्हणायचीस, रस्त्यावरची माणसं बघायची. स्टाफरूममधलं खिडकीजवळचं आपलं टेबल आता ग्रंथालयात आहे. त्याच्या कडेला तू कर्कटकाने कोरलेली आगबोट अजून तशीच आहे. बहीण म्हणून तुझ्याबरोबर काढलेली ती नऊ वर्षं माझ्या नोकरीतली सगळ्यात चांगली होती. हे मी आजवर तोंडाने म्हटलं नव्हतं.

ताई


२ मार्च

धाकटे,

केलं.

काल महिन्याची मीटिंग होती. वही बघून झाली. सगळे उठायला लागले तेव्हा मी म्हटलं, बसा, आणि पिशवीतून बारा वर्षांपूर्वीचं लॉगबुक काढलं. गणिताच्या सरांनी आदल्या दिवशी सावध केलं होतं. जुन्या नोंदीला हात लावला तर वरून खुलासा मागतील, निवृत्तीच्या तोंडावर कागद अडकतील. मी म्हटलं, अडकू देत, मी खुलासा देईन. माझं अक्षर चांगलं आहे.

आधी ते पान जसंच्या तसं वाचलं. मग लाल शाईने दुरुस्ती लिहिली. लिहून झाल्यावर तेही वाचलं. तुला शब्दशः उतरवून देते.

‘आगमन ११.१०. निर्गमन ११.१४. निरीक्षक दाराबाहेर उभी होती, वर्गात गेली नाही. वरील शेरा चार मिनिटांवर लिहिला असून तो चुकीचा आहे. रद्द करत आहे. तसंच मागच्या खुर्चीचा उपक्रम या शिक्षिकेने लेखी सुचवला होता. मुख्याध्यापिकेने तो स्वतःचा म्हणून सांगितला.’

सही नेहमीसारखी वळणदार आलेली नाही. खाली साक्षीदार म्हणून गणिताच्या सरांनी सही केली, त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. मग नव्या बाई उठल्या. आता तशा नव्या राहिलेल्या नाहीत, पण नाव पडलंय. त्यांनी विचारलं, ‘ही कोणत्या बाईंची गोष्ट आहे?’ मी सांगितलं. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. मामा दारात चहाचा ट्रे घेऊन उभे होते. चहा पार गार झाला होता, तोच सगळ्यांनी प्यायला.

हेच सगळं त्या चाळीस जणांनाही पत्राने कळवलंय. चाळीस पाकिटांवर पत्ते घालता घालता बोटं दुखली.

आता माझं मागणं. माझा शेवटचा तास अठ्ठावीस एप्रिलला आहे, सातवी ‘क’. आणि वेळ मी मुद्दाम ठरवलेली नाही, वेळापत्रकातच तशी आहे. अकरा दहा. मागच्या खुर्चीवर कुणाला बसवू नका असं मी सांगितलंय. तू नाही आलीस तरी ती रिकामीच राहील.

माफी मागायची आहे, पण ती पत्रात मागणार नाही. पत्रात मला सगळं फार चांगलं जमतं.

ताई


२९ एप्रिल

धाकटे,

काल अकरा दहा झाले, अकरा अकरा झाले, आणि मी फळ्याकडे तोंड करून तारीखच लिहीत बसले. पोरं हसायला लागली, बाई, तारीख दोनदा लिहिली. वळले तर तू बसली होतीस. केस माझ्याहून पांढरे, आणि नाकावर चष्मा. दुसऱ्यांना विकता विकता स्वतःलाही लागला वाटतं.

मग मी शिकवलं. काय शिकवलं ते तू पाहिलंस. चुकीचं गणित फळ्यावर लिहिलं आणि पोरांनी जो काही दंगा केला, तो जिन्यापर्यंत गेला असणार. मी प्रश्न विचारून थांबत होते. दहापर्यंत मोजताना दर वेळी माझी नजर तुझ्याकडे जायची आणि तू पोरांकडे बघत असायचीस, माझ्याकडे एकदाही नाही. मध्ये तुझ्या शेजारच्या बाकावरचा मुलगा अडला तेव्हा तू त्याच्याकडे वाकलीस. ओठांवरून मला कळलं काय म्हणालीस ते. घाई नाही, परत बघ.

घंटेनंतर पोरांनी मला घेरलं आणि त्या गर्दीतून तू आलीस. किती ठरवून ठेवलं होतं मी. माफीची वाक्यं रोज सकाळी आंघोळ करताना म्हणून बघत होते. आणि तुझ्यासमोर उभी राहिले तर तोंडातून निघालं काय, ‘जेवलीस का?’ तू म्हणालीस, ‘ताई, नाकाला खडू लागलाय.’ आणि तुझ्या पदराने पुसलास. माफी राहूनच गेली. तूही बसची वेळ झाली म्हणालीस. नव्या बाई तुला फाटकापर्यंत सोडायला आल्या, त्या रडत काय होत्या, हसत काय होत्या. मी व्हरांड्यातून बघत होते.

टेबलावरची डबी तू नेलीस ते मला दुपारी कळलं. बरं केलंस. जहाजाला पोचा पडला नाही.

संध्याकाळी किल्ल्या गणिताच्या सरांना दिल्या. सगळं झाल्यावर मामांनी लॉगबुक आणून टेबलावर ठेवलं. म्हणाले, धाकट्या बाईंनी जाताना मागून घेतलं होतं, दोन मिनिटं व्हरांड्यातल्या बाकावर बसून काहीतरी लिहिलंय. खुर्चीवर बसणाऱ्याने लिहायचं नाही हा नियम तूच केलेला, आणि तूच लिहिलंस.

पान उघडलं. माझ्या लाल शाईच्या खालीच तुझं अक्षर.

‘आगमन ११.१०. निर्गमन ११.५०.’

खाली तुझी सही. शेऱ्याची जागा कोरी.

मामा खांद्यावरून डोकावत होते. म्हणाले, ‘एवढंच? बाईंनी शेरा काहीच लिहिला नाही?’

मी म्हटलं, ‘मामा, ती पूर्ण तास बसली होती.’

तुझी ताई